रोज शंभर वेळा भिंत चढले

आमच्या घरात व्यायाम मोजला जायचा. तो होतो का, असं कुणी विचारत नसे, कारण आकडा आधीच तयार असायचा. आमचे हे रोज सकाळी सेक्टरातल्या बागेला तीन फेऱ्या मारत. पहिल्या फेरीत शेजारच्या सरदारजींशी कालच्या बातम्यांवर चर्चा, दुसरीत त्याच बातम्यांवर आणखी कुणाशी तरी, आणि तिसरी फेरी पेपर वाचत. पेपर वाचत चालता येतं म्हणजे वेग काय असेल ते तुम्हीच बघा. घरी आले की कपाळावर घामाचा टिपूस नाही, पण चपला काढायच्या आत "तीन झाल्या" हे जाहीर व्हायचं. रात्री जेवल्यावर शतपावली. व्हरांड्यापासून फाटकापर्यंत ढेकरा देत शंभर पावलं. पोट मात्र वर्षागणिक पुढे. ह्यांचं म्हणणं, ते चंदीगडच्या पाण्यामुळे.

मी तरी काय वेगळी होते म्हणा. माहेरी सांगलीला आम्हा भावंडांना रोज बारा सूर्यनमस्कार सक्तीचे होते, आणि ते बारा मी चुलीवरचं दूध उतू जायच्या आत उरकत असे. वडील आतून विचारायचे, "झाले का?" आम्ही बाहेरून ओरडायचो, "झाले!" सगळे समाधानी. हे पुराण सांगायचं कारण माझा उजवा खांदा.

चंदीगडला आम्ही ह्यांच्या नोकरीमुळे आलो. सेक्टर एकोणचाळीसमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत हे शास्त्रज्ञ होते. पंजाबातले ते दहशतवादाचे वाईट दिवस. सांगलीहून येणारं प्रत्येक पत्र "तिकडे कसं आहे?" असं विचारायचं आणि मी प्रत्येक पत्राला "आमच्या सेक्टरात काही नाही" असं उत्तर लिहायची. खरंच काही नव्हतं. चौकात वाळूची पोती, पोत्यांमागून डोकावणारी बंदूक, वाटेत बस थांबवून माणसं मारायचे म्हणून अंधार पडायच्या आत पंजाबकडच्या बस बंद, आणि बेवारस ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी दिसली तर हात लावू नका अशी जागोजागी पाटी. एवढं सोडलं तर अगदी निवांत.

अशा निवांतपणात मला नोकरी लागली. जवळच्या एका शाळेतल्या गणिताच्या बाई घाबरून दिल्लीला आपल्या भावाकडे निघून गेल्या आणि त्यांची नववी-दहावी माझ्या पदरात पडली. मी बी.एस्सी., बी.एड. होते, पण लग्नानंतर पंधरा वर्षं त्या बी.एड.नं पोळ्याच लाटल्या होत्या. वय एक्केचाळीस. जागा तात्पुरती. मार्चमध्ये शाळेची कमिटी वर्गात येऊन तास बघणार आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार. शाळेच्या मस्टरवर पहिली सही केली त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यानं एकटीच हसत होते. पंधरा वर्षं मी ह्यांची मिसेस आणि मुलीची मम्मी होते. आता मी मॅथवाली मॅडम होते. मला ती नोकरी हवी होती. पंधरा वर्षांत इतकं मनापासून मला दुसरं काही हवं झालं नव्हतं.

आणि दिवाळीच्या आधी खांदा धरला. पडले नाही, कुठं आपटले नाही. एक दिवस पोह्यांचा डबा काढायला हात वर केला, तो खांद्याच्या रेषेत आला आणि थांबला. पुढे जाईचना. जोर केला तर डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांनी नाव सांगितलं, फ्रोझन शोल्डर. चाळिशीतल्या बायकांना होतो म्हणाले, का होतो ते नक्की सांगता येत नाही म्हणाले. डॉक्टरांना सांगता आलं नाही तरी आमच्या मराठी मंडळातल्या बायकांना आलं. लष्करातली, हवाई दलातली, हॉस्पिटलातली, युनिव्हर्सिटीतली अशी वीस-पंचवीस घरं होती मंडळात, आणि प्रत्येक घराकडे एक कारण होतं. एकीच्या मते मी पंख्याखाली झोपते म्हणून, दुसरीच्या मते मी राजमा खाते म्हणून, तिसरीच्या मते मी नोकरी करते म्हणून.

वेणी मुलगी घालून द्यायची, ब्लाउज घालताना रडू यायचं, पण ते सगळं घरातल्या घरात. फळ्याचं काय करायचं? हात खांद्याच्या वर जात नाही म्हणजे फळ्याचा वरचा अर्धा भाग माझ्या मालकीचा राहिला नव्हता. मी भूमितीच्या आकृत्या फळ्याच्या तळाशी काढायला लागले. मागच्या बाकांवरच्या मुली उभ्या राहायच्या, त्यांच्या मागच्या बाकांवर चढायच्या. डाव्या हातानं लिहून पाहिलं, तर माझा वर्तुळखंड बघून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ये आलू है?" मग स्टूल आणलं. स्टुलावर चढून मी एक समीकरण छान वरपर्यंत लिहिलं, उतरताना पदर अडकला, आणि स्टूल गेलं एकीकडे आणि मी दुसरीकडे. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. करारी बाई, पण वाईट नाही. म्हणाल्या, "मॅडम, आधे बोर्ड पर आधी क्लास पढ़ती है. मार्च तक ठीक कर लीजिए. नहीं तो कमिटी के सामने मैं क्या कहूँगी?" मी म्हटलं, हो जाएगा जी. आत्मविश्वासाला माझ्याकडे कधीच तोटा नव्हता.

घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर एक सरकारी हॉस्पिटल होतं. तिथल्या फिजिओथेरपीच्या खोलीत आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं, शाळा सुटल्यावर. खोलीत एका भिंतीवर फिरवायचं लोखंडी चाक, छताला दोरी आणि कप्पी, आणि उरलेल्या भिंतीवर पेन्सिलीच्या असंख्य आडव्या रेघा. या सगळ्याच्या मालकीण म्हणजे एक उंच, हाडापेरानं मजबूत अशी सरदारीण. तिशी-बत्तिशीची असेल. हातात स्टीलचं कडं, कानामागे पेन्सिल. पंजाबातल्या खरड शहराच्याही पलीकडच्या एका गावाहून रोज बसनं यायची. वाटेत तीनदा बस थांबवून झडती व्हायची, तरी साडेआठला ही खोलीत हजर. मी तिला मॅडमजी म्हणायची, ती मला भैणजी.

तिनं पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला. "भैणजी, हाथ कहाँ तक चाहिए?"

मी म्हटलं, जितका वर जाईल तितका.

"ऐसे नहीं. काम क्या है हाथ का?"

फळा, मी म्हटलं. तिनं मला फळ्याची उंची विचारली. मला कुठली माहीत असायला? तिनं मला चक्क परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी शिवणाच्या टेपनं फळ्याची वरची कड मोजली, वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीला बाकावर चढवून, आणि आकडा घेऊन गेले. बाईंनी तेवढ्या उंचीवर भिंतीवर एक रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "बोर्ड". मग मला भिंतीला तोंड करून उभं केलं, बोटांनी भिंत चढायला लावली, किड्यासारखं एकेक बोट पुढे टाकत. बोटं जिथं थांबली तिथं दुसरी रेघ मारून तारीख घातली. दोन रेघांमध्ये हातभर भिंत मोकळी होती. "ये घर पे भी करना है. बीस बार सुबह, बीस बार शाम. और जोर लगा के," ती म्हणाली.

यातलं वीस हे मला नीट ऐकू आलं.

घरी आल्यावर ह्यांना चेव चढला. शास्त्रज्ञ माणूस, ह्यांनी ऑफिसातून आलेखाचा कागद आणला आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर संख्या. "डेटा हवा," हे म्हणाले. "किती वेळा केलं ते रोज नोंदवायचं." मंडळातल्या एका वहिनींनी यावर कळस चढवला. त्यांचे यजमान हवाई दलात, आणि वहिनी गणपतीत स्तोत्राची सहस्रावर्तनं बसवण्यात तरबेज. कर्फ्यूच्या वर्षी सगळ्यांना एकत्र जमता येईना तर त्यांनी हजार आवर्तनं वीस घरांत पन्नास-पन्नास वाटून दिली होती आणि फोनवर बेरीज करून गणपतीला पोचवली होती. त्या म्हणाल्या, "अगं, नुसतं काय भिंत चढतेस, एकेका आवर्तनाला एकदा चढ. पुण्य ते पुण्य, खांदा तो खांदा."

मला ते इतकं पटलं म्हणून सांगू. सकाळी आंघोळ झाली की मी भिंतीपुढे उभी. स्तोत्र लहानपणापासूनचं पाठ, त्यामुळे जिभेला ब्रेक नाही, आणि जिभेच्या मागोमाग बोटं. वर, खाली, वर, खाली. दुखायला लागायच्या जागेच्या दोन बोटं अलीकडे हात आपोआप मागे फिरायचा. मला ते कळत नव्हतं असं म्हणाले तर खोटं होईल. कळत होतं. पण वीस होत होते ना? मग तीस, मग पन्नास. तिसऱ्या आठवड्यात मी शंभरावर गेले. ह्यांचा आलेख असा काही चढला की कागद संपला आणि वर दुसरा जोडावा लागला. संस्थेतल्या मित्रांना घरी बोलावून ह्यांनी तो दाखवला. दारावरची रेघ छताकडे निघाली होती आणि माझा हात होता तिथंच होता.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. एक दिवस ती जेवणाच्या टेबलावरून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मम्मी, आप चीटिंग करते हो. एड़ी उठाते हो."

"गप बस, अभ्यास कर," मी म्हटलं, आणि टाचा टेकवल्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

हॉस्पिटलातही माझी तीच तऱ्हा. मी टाचा उचलायची, अंग तिरकं करायची, खांदा कानापाशी न्यायची, म्हणजे बोटं वर गेल्यासारखी दिसायची. बाई एकटी आणि पेशंट दहा, त्यामुळे बरेच दिवस खपलं. एकदा मात्र ती येऊन माझ्या मागे उभी राहिली. माझ्या पायाच्या बोटांवर तिनं आपलं पाऊल हलकेच टेकवलं, एक हात माझ्या खांद्यावर दाबून ठेवला आणि म्हणाली, "अब चढ़ो." बोटं जिथं थांबली, तिथं रेघ होती. पहिल्या दिवशीची. दीड महिना झाला होता.

"घर पे करते हो?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "रोज सौ बार."

ती हसली नाही, रागावलीही नाही. "सौ बार," ती स्वतःशीच म्हणाली आणि पेन्सिल कानामागे खोवली. "भैणजी, गिनती से हड्डी को कुछ पता नहीं चलता. जहाँ दर्द शुरू होता है, काम वहाँ से शुरू होता है. आप वहाँ से वापस आ जाते हो. सौ बार वापस आ जाते हो." मला तिचा राग आला. मी चार बुकं जास्त शिकलेली, दहावीला गणित शिकवणारी, आणि ही मला मोजायला शिकवते. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, हिला काही येत नाही, आपण दुसरीकडे जाऊ. हे म्हणाले, "बरोबर आहे. डेटा तर उत्तम आहे."

दुसरीकडे जाणं राहूनच गेलं, आणि जानेवारीत बंद पुकारला गेला. कुणी पुकारला, कशासाठी, हे आता आठवतही नाही, इतके बंद व्हायचे. बस नाहीत, दुकानं नाहीत, शाळेला सुट्टी. त्या दिवशी माझी हॉस्पिटलची पाळी होती. मी खिडकीतून पाहिलं, रस्त्यावर उन्हं पडली होती, माणसं ये-जा करत होती, सायकली जात होत्या. पंचवीस मिनिटांचा रस्ता. पण बंद म्हणजे बंद, नाही का? मी कांदाभजी केली. हे खूष, मुलगी खूष. दुपारी भिंतीपुढे उभी राहून मी शंभर उरकले आणि आलेखावर ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी गेले तर खोलीत बाई स्टुलावर बसली होती. पायातल्या जुत्त्या काढलेल्या, दोन्ही टाचांना पट्ट्या. मला बघून तिनं पाय सलवारीखाली ओढून घेतले.

"कल आप आए नहीं, भैणजी."

"कल तो बंद था जी," मी म्हटलं.

"हाँ जी. बंद तो था," ती म्हणाली आणि चाकाचा दांडा पुसायला लागली.

तिनं एवढंच म्हटलं. बाकीचं मला तिथल्या आयानं सांगितलं. बाई पहाटे गावाहून चालत निघाली होती. धुक्यात दोन तास चालल्यावर दूधवाल्याच्या टेम्पोत जागा मिळाली, कारण दुधाला बंद नव्हता. दिवसभरात दोन पेशंट आले. एक कारखान्यातला मजूर, मशीनमध्ये सापडलेला हात घेऊन रोज सायकलवर यायचा, तो. दुसरी एक म्हातारी. बाकी कुणी नाही. संध्याकाळी ती तशीच परत गेली, आणि आज सकाळी नेहमीच्या बसनं पुन्हा आली.

मी तिथं उभी होते आणि मला माझ्याच तोंडाला कांदाभजीचा वास येतोय असं वाटलं. लाज वाटली. साधीसुधी नाही, कानशिलं तापतात ती. मी तिच्यापाशी गेले आणि आयुष्यात व्यायामाबद्दल पहिलं खरं वाक्य बोलले. "मॅडमजी, मैं दर्द से डरती हूँ. इसलिए वापस आ जाती हूँ."

तिनं फडकं खाली ठेवलं. "डरते तो सब हैं जी. मैं रोज बस में डरती हूँ. जब कोई बस को हाथ देता है, तब तो बहुत." मग म्हणाली, "चढ़ती फिर भी हूँ. आपको वो बोर्ड चाहिए कि नहीं?"

चाहिए, मी म्हटलं.

मग तिनं मला समजावलं, आणि आधीही समजावलंच होतं, मी ऐकलं नव्हतं एवढंच. दुखणं दोन जातीचं असतं. व्यायामानंतर चहाचा कप निवेपर्यंत उतरलं तर ते कामाचं. रात्री झोपू दिलं नाही तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी कमी करायचं. आणि चहाची गरजच पडली नाही तर काही केलंच नाही. "सौ नहीं, पाँच करो. पर ऐसे पाँच कि छठा न हो सके."

घरी जाऊन मी दारावरचा आलेख फाडला. हे म्हणाले, "अगं, दोन महिन्यांचा डेटा आहे तो." मी म्हटलं, "तुमच्या डेटाला लावा काडी." ह्यांना मी इतकं तोडून कधी बोलले नव्हते. बिचारे माझ्या मागे उभे राहून खांदा दाबून धरायला तयार झाले. पहिल्याच चढाईला माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून ह्यांनी हात काढून घेतला आणि बागेला चौथी फेरी मारायला निघून गेले. मग ते काम मुलीनं घेतलं. ती माझ्या पायांवर पाय ठेवून उभी राहायची आणि खांदा धरायची, आणि तिला दयामाया नव्हती. "मम्मी, एड़ी. मम्मी, कंधा. मम्मी, अभी तो मुँह भी टेढ़ा नहीं हुआ." मी सांगलीच्या घाटावर ऐकलेल्या सगळ्या शिव्या भिंतीला दिल्या. स्तोत्र म्हणायला श्वासच उरत नव्हता, तेव्हा पुण्याचा हिशेब बंद पडला. पाच चढायांना मला बारा सूर्यनमस्कारांच्या दसपट वेळ लागायचा आणि थंडीत कपाळावरून घाम गळायचा. मग मुलगी चहा करायची आणि आम्ही दोघी कपाकडे बघत बसायचो, आधी काय निवतं ते.

आठ दिवसांनी बाईंनी नवी रेघ मारली, जुनीच्या बोटभर वर. बोटभर. मी ती रेघ बघत इतका वेळ उभी होते की बाई म्हणाली, "भैणजी, पीछे लाइन लगी है." त्यानंतर रेघा वर सरकत गेल्या. कधी दोन बोटं, कधी काहीच नाही, एकदा तर खाली. आदल्या रात्री जास्त केलं होतं म्हणून बाई त्या दिवशी खरंच रागावली. फेब्रुवारीच्या शेवटी मी "बोर्ड"च्या खाली चार बोटांवर आले. त्या दिवशी तिनं रेघ मारली, तारीख घातली आणि म्हणाली, "पेपर पास करके मिठाई लाना. बेसन की, खोए की नहीं." मी तिला म्हटलं, लाडू आणीन, माझ्या हातचे.

पुढचे पंधरा दिवस वार्षिक परीक्षेच्या तयारीत मला हॉस्पिटलला जाता आलं नाही, घरीच केलं. या वेळी खरंच केलं. मग कमिटी आली. मागच्या बाकांवर तीन पुरुष आणि मुख्याध्यापिकाबाई. मी खडू घेतला. हात वर नेताना खांद्यात ओळखीची कळ आली, जिथून मी शंभर-शंभर वेळा परत फिरले होते ती, आणि मी पुढे गेले. फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख लिहिली, शेजारी धड्याचं नाव. मागे कुणाला उभं राहावं लागलं नाही. कमिटीतल्या कुणाला त्यात विशेष काही दिसलं नसेल. त्यांनी त्रिकोणाबद्दल दोन प्रश्न विचारले, चहा-समोसे खाल्ले आणि मला कायम केलं.

दुसऱ्या दिवशी डबाभर बेसनाचे लाडू घेऊन मी हॉस्पिटलात गेले. खोलीत बाईच्या स्टुलावर एक तरुण माणूस बसला होता, मांडीवर पेपर. मी विचारलं तर म्हणाला, त्यांनी सोडलं. आयानं व्हरांड्यात नेऊन सांगितलं. गेल्या आठवड्यात संध्याकाळी तिची बस खरडच्या पुढे कुणीतरी थांबवली होती. काही झालं नाही, सगळे सुखरूप घरी पोचले. पण सासरच्यांनी हात जोडले, पुरे म्हणाले. ती दोन दिवस भांडली म्हणे. मग ऐकलं. गावाचं नाव आयाला नक्की माहीत नव्हतं, आणि मी चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

मी खोलीत परत आले. त्या माणसानं पेपरातून मान वर न काढता भिंतीकडे हात केला. "बीस बार कर लीजिए."

मी लाडवांचा डबा खाली ठेवला. भिंतीला तोंड केलं, टाचा टेकवल्या, खांदा खाली दाबला, आणि बोटं चढवायला लागले. खालून वर सगळ्या रेघा तिच्याच होत्या, तारखा तिच्या अक्षरातल्या. पहिल्या दिवशीची, दीड महिना न हललेली. बंदच्या नंतरची, बोटभर वरची. शेवटची, चार बोटं खालची. बोटं "बोर्ड"पाशी पोचली आणि पलीकडे गेली. मी हात तसाच धरून ठेवला, जितका वेळ धरवला तितका.

"कितने हुए?" त्यानं विचारलं.

"एक," मी म्हटलं.

त्यानं रजिस्टरमध्ये वीस लिहिलं. मी त्याच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, जिथं बोटं पोचली होती तिथं स्वतःच रेघ मारली आणि तारीख घातली. हात दुखत होता, अक्षर वाकडं आलं. ती रेघ बघायला बाई तिथं असायला हवी होती.